त्यागकथेचा सोपेपणा : रातंजनकर आणि मराठी संगीतचरित्रे

संगीतज्ञांविषयी मराठीत जे लेखन होते त्यात एका कथासूत्राची पुनरावृत्ती इतक्या वेळा झाली आहे की, ते कथासूत्र आहे याचे भानच आता उरलेले नाही. एक असामान्य गायक असतो. तो गुरूच्या वा ध्येयाच्या हाकेला ओ देऊन मैफल सोडतो. विद्यालयाच्या चार भिंतींत, हजेरीपटांत आणि उत्तरपत्रिकांत त्याचा कंठ झिजून जातो. शेवटी त्याच्या वाट्याला पदे येतात, पदव्या येतात आणि गाणे मात्र गेलेले असते. श्रीकृष्ण नारायण तथा अण्णासाहेब रातंजनकर यांच्याविषयी जे गौरवपर लेखन झाले, जी व्यक्तिचित्रे निघाली, त्यांतील बहुतेकांचा आकृतिबंध हाच आहे. भातखंड्यांचा पट्टशिष्य, फैयाज खाँसाहेबांचा गंडाबंध शागीर्द, लखनौच्या विद्यालयाचा जवळजवळ तीन दशकांचा प्राचार्य आणि पुढे खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचा कुलगुरू, अशी ही कारकीर्द. तिच्याकडे पाहताना लेखणी प्रथम गहिवरते आणि मग थांबते. गहिवरानंतर विचार सुरू व्हावयास हवा, तो होत नाही, हा या लेखनाविषयीचा आक्षेप आहे.

घटनाक्रम साधा आहे. मुंबईत जन्मलेल्या रातंजनकरांना बालवयातच भातखंड्यांचे मार्गदर्शन लाभले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी फैयाज खाँची तालीम घेतली. नंतर मुंबईत पदवीही मिळवली. 1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक निघाले. दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांचा त्यामागे पुढाकार होता, योजना भातखंड्यांची होती आणि नाव गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे होते. 1928 पासून रातंजनकर त्याचे प्राचार्य झाले. स्वातंत्र्यानंतर विद्यालयाने भातखंड्यांचे नाव घेतले. 1957 मध्ये रातंजनकरांना पद्मभूषण मिळाले, त्याच सुमारास ते खैरागढला कुलगुरू म्हणून गेले. नंतर मुंबईस परतले आणि 1974 मध्ये निवर्तले.

या घटनांतून शोकात्म कथानक आपोआप निघत नाही. ते रचावे लागते. इतिहासलेखनातील घटनांना कथानकाचे रूप कसे दिले जाते याची चर्चा हेडन व्हाइट यांनी 1973 मध्ये केली. तिचा उल्लेख मराठी समीक्षेत अधूनमधून होतो; पण तो कादंबरीच्या संदर्भात होतो, गायकांच्या चरित्रांपर्यंत पोचत नाही. रातंजनकरांच्या बाबतीत ‘झीज’ हे रूपक एकदा स्वीकारले की मैफल हे मूळ स्थान ठरते आणि विद्यालय हे त्यापासूनचे पतन ठरते. मग अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे प्राचार्यपद हे कार्य न राहता किंमत बनते. ज्याने आपल्या आयुष्याचा मोठा भाग ज्या गोष्टीस दिला ती गोष्टच त्याच्या चरित्रात नकारात्मक अवकाश म्हणून उरावी, ही विपरीत स्थिती या आख्यानाने निर्माण केली आहे.

त्यामागे एक गृहीतक आहे आणि ते केवळ भाबड्या चरित्रकारांचे नाही. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ने (1961) मराठी संगीतसमीक्षेला काटेकोर विचाराची सवय लावली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या ग्रंथाने घराणे हे सौंदर्यविचाराचे एकक म्हणून प्रतिष्ठित केले आणि त्याबरोबर मैफलीतील सादरीकरण हेच संगीतकृतीचे एकमेव पूर्णरूप मानण्याची रीतही पक्की केली. या चौकटीत रातंजनकरांना जागा मिळाली तर ती आग्रा घराण्याच्या वंशवृक्षावरील एक फांदी म्हणूनच मिळणार. फांदीला फुले कमी आली एवढीच नोंद मग शक्य असते. ज्याची कृती मैफलीत नसून पाठ्यक्रमात, बंदिशींच्या पुस्तकांत, परीक्षेच्या रचनेत आणि संस्थेच्या घडणीत पसरलेली आहे, त्याचे वाचन करण्याचे साधन या समीक्षेपाशी नव्हते. साधन नसल्याची कबुली देण्याऐवजी तिने हळहळ व्यक्त केली.

येथे एक गोष्ट विसरली जाते. ज्या परंपरेत रातंजनकर उभे होते ती मुळात ग्रंथाची परंपरा होती. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग 1910 ते 1932 या काळात मराठीत लिहिले आणि ते गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहिले. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो, क्वचित टाळतो, एखाद्या खाँसाहेबांची गोष्ट सांगतो, जुन्या ग्रंथकारांना चिमटे काढतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मराठी गद्यातील हा एक विलक्षण प्रयोग आहे. तरीही मराठी वाङ्मयेतिहासात त्याची नोंद ‘संगीतविषयक ग्रंथ’ या सदरात करून पुढे जाण्याचा प्रघात आहे. मौखिक तालमीची जागा घेऊ पाहणारे पुस्तक स्वतःच तालमीचे नाट्यरूप धारण करते, यातील अंतर्विरोध कोणाही संहितानिष्ठ समीक्षकाला खुणावावयास हवा होता. रातंजनकर या संवादातील शिष्याच्या जागी बसलेला खराखुरा माणूस होते. त्यांची पुढची कारकीर्द म्हणजे त्या कागदावरील संवादाला इमारत, वेळापत्रक आणि वेतनश्रेणी मिळवून देण्याचा खटाटोप होता. त्याला मैफलीतून झालेली माघार म्हणणे हे वाचन नव्हे.

त्यांच्या रचनांकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. ‘अभिनवगीतमंजरी’, ‘तानसंग्रह’, ‘अभिनव संगीत शिक्षा’ ही पुस्तकांची नावेच वर्गाकडे तोंड करून उभी आहेत. केदार बहार, मार्गबिहाग, सालगवराळी यांसारखे राग त्यांनी घडवले वा प्रचारात आणले. ज्या रागांत शिकवावयास चीज नाही त्यांत चीज बांधली, ज्या रागांत एकच जुनी चीज आहे त्यांत दुसरी बांधली. गौरवलेखनात हे सारे ‘वाग्गेयकार रातंजनकर’ या मथळ्याखाली, प्राचार्यपदापासून वेगळे काढून मांडले जाते. जणू फावल्या वेळात कवी जागा होत असे. वस्तुतः बंदिशकार आणि पाठ्यक्रमकार हे एकच लेखक आहेत. पाठ्यक्रमाने मागणी निर्माण केली, बंदिशीने ती पुरवली आणि बंदिशीने पुन्हा पाठ्यक्रमाची व्याप्ती वाढवली. या चक्राचा अभ्यास म्हणजेच रातंजनकरांचा अभ्यास.

लक्षणगीत या प्रकाराचे उदाहरण घ्यावे. भातखंड्यांनी रुजवलेल्या आणि रातंजनकरांनी पुढे चालवलेल्या या प्रकारात गीताचे शब्द त्याच रागाची लक्षणे सांगतात : कोणता स्वर वादी, कोणता संवादी, आरोहात काय वर्ज्य, थाट कोणता, गानसमय कोणता. म्हणजे गाणारा ज्या स्वराला वादी म्हणून नाव देतो त्याच वेळी तो स्वर गळ्याने सिद्धही करतो. शब्द स्वराकडे निर्देश करतात आणि स्वर शब्दांची सत्यता पटवतो. स्वतःच्याच नियमांचे कथन करणारी संहिता म्हणून आधुनिकोत्तर कादंबरीचे कौतुक करणाऱ्या समीक्षकांना आपल्याच परिसरातील या आत्मनिर्देशी रचनाप्रकाराचे भान नसावे, हे नवल नाही. कारण शालेय कवितेप्रमाणे शालेय बंदिशही आधीच हलकी ठरवून टाकलेली असते. लक्षणगीतात काव्य बेताचेच असते, हे खरे. परंतु काव्य बेताचे का, याचे उत्तर प्रतिभेच्या अभावात नाही. पारंपरिक ख्यालाचे शब्द अनुभवाचा आधार देऊन मागे सरतात, स्वराला मोकळीक देतात. लक्षणगीताचे शब्द मागे सरू शकत नाहीत; ते परीक्षेत विचारले जाणार असतात. येथे शब्दाचे स्वराशी असलेले नातेच बदललेले आहे आणि तो बदल संस्थेने घडवलेला आहे. राग ही ऐकून अंगी मुरवण्याची गोष्ट आहे, ही धारणा जाऊन राग ही व्याख्या करण्याजोगी गोष्ट आहे, ही धारणा तिच्या जागी आली. तिचा सर्वांत छोटा आणि सर्वांत परिणामकारक दस्तऐवज हे लक्षणगीत आहे. त्याची भलीबुरी किंमत करावयाची असेल तर आधी ते वाचावे लागेल.

फूकोचे नाव घेऊन ‘परीक्षा म्हणजे शिस्तीचे तंत्र’ असे एक वाक्य फेकले की हे काम झाले, अशी समजूत अलीकडच्या काही चर्चांत दिसते. ते वाक्य चुकीचे नाही. मात्र ते लखनौलाही लागू पडते आणि पोलिस भरतीलाही. भैरव थाटातील रागांची यादी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानाचे नेमके काय झाले, हे त्यातून कळत नाही.

त्यागकथेचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ती नायकाला हुतात्मा करते आणि हुतात्म्याचा हिशेब मागता येत नाही. ज्याने कंठ गमावला त्याला संस्थेविषयी अवघड प्रश्न विचारणे हे कृतघ्नपणाचे ठरते. परिणामी संस्था नेमकी काय करीत होती, कोणाला आत घेत होती आणि कोणाला दारात उभे करीत होती, हे प्रश्न मराठी लेखनात उपस्थितच झाले नाहीत. ते बाहेरून आले. जानकी बखले यांच्या ‘टू मेन अँड म्युझिक’ (2005) या ग्रंथाने भातखंडे आणि पलुसकर यांच्या प्रकल्पांतील राष्ट्रवाद, ब्राह्मण्य आणि उस्तादांविषयीची दृष्टी यांची झडती घेतली. मॅक्स कॅट्झ यांनी 2012 मधील आपल्या निबंधात थेट लखनौचे विद्यालय समोर घेतले आणि मुस्लिम घराणेदार कलावंतांचे परिघावर ढकलले जाणे हे तेथे व्यक्तिगत द्वेषाचे नव्हे तर संस्थेच्या रचनेचे फलित असल्याचा युक्तिवाद केला. या लेखनाला मराठीत मिळालेला सर्वसाधारण प्रतिसाद दुखावलेल्या नातेवाइकांचा होता. आक्षेपांचे खंडन पुराव्याने करण्याऐवजी भातखंड्यांच्या आणि रातंजनकरांच्या निःस्वार्थीपणाची ग्वाही देण्यात आली. निःस्वार्थी माणूस अन्यायकारक रचना उभारू शकतो, ही साधी गोष्ट त्यागकथेच्या कक्षेत मावत नाही.

कॅट्झ यांचा युक्तिवाद जसाच्या तसा मान्य करावा असे नाही. लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ त्या विद्यालयात तबला शिकवीत होते, सरोदवादक सखावत हुसेन खाँ तेथे होते, पुढे अहमदजान थिरकवाही आले. त्यांची उपस्थिती नाकारून चालणार नाही. पण ही यादी उत्तर म्हणून पुढे करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे : प्रश्न शिक्षकांच्या यादीत मुसलमान किती, हा नाही. अभ्यासक्रम कोणी लिहिला, स्वरलिपी कोणाची, कोणत्या ज्ञानाला ‘शास्त्र’ म्हटले गेले आणि कोणत्या ज्ञानाला ‘क्रियात्मक’ असे संबोधून खालच्या पायरीवर बसवले गेले, हा आहे. जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवालांसारख्यांकडून मिळालेल्या चिजा क्रमिक पुस्तकांत आल्या तेव्हा त्या ‘संगृहीत’ झाल्या; त्यांचे धनी माहिती पुरवणारे ठरले आणि ज्ञाता तो, ज्याने त्या लिहून घेतल्या. भूगोलाची तीच गोष्ट. हे विद्यालय पुढे कैसरबागेतील वाजिद अली शहाच्या परीखान्याच्या वास्तूत नांदले. दरबाराची वास्तू, दरबाराचे कलावंत आणि मुंबईचा अभ्यासक्रम, असा हा संयोग होता. त्यात प्राचार्य म्हणून बसलेला माणूस स्वतः फैयाज खाँचा शागीर्द होता. एका उस्तादाचे ऋण अंगावर बाळगून उस्तादांची गरज संपवणाऱ्या पद्धतीचा कारभार पाहणे, हा खरा नाट्यविषय आहे. त्यापुढे आवाज बसल्याची कथा फारच किरकोळ वाटते.

हा पेच रातंजनकरांना जाणवत नव्हता असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या घरात काय चालत होते ते पाहावे. बेळगावजवळच्या बैलहोंगलचे कृष्णराव गिंडे अकरा-बारा वर्षांचे असताना लखनौला आले आणि प्राचार्यांच्या घरीच राहिले, वाढले, शिकले. एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर, चिन्मय लाहिरी, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग ही शिष्यपरंपरा सांगताना विद्यालयाचे यश म्हणून ती सांगितली जाते. यांतील कितींची घडण वर्गातील तासांवर झाली आणि कितींची गुरूच्या सहवासात, हे विचारले जात नाही. वर्ग सुटल्यावर जे शिकवले गेले ते जर निर्णायक असेल तर विद्यालयाने गुरुकुलाची जागा घेतली, हा दावा ढासळतो. उलट, विद्यालय नसते तर कारवार-कानडा भागातील सारस्वत घरांतून, वाईहून, बंगालमधून ही मुले एका छपराखाली आली असती का, हाही प्रश्न आहेच. कोणत्या घरांना आपला मुलगा तेथे धाडणे परवडत होते आणि शोभत होते, हेही त्यातच आले. म्हणजे संस्थेने गुरुकुलाला हद्दपार केले नाही. तिने गुरुकुलाच्या प्रवेशाचे निकष बदलले. रक्ताच्या नात्याऐवजी साक्षरता, शिफारस आणि जात यांची एक नवी जाळी आली. याची छाननी मराठी लेखक अधिक चांगली करू शकले असते, कारण ही माणसे, त्यांची आडनावे, त्यांची गावे त्यांना आतून ठाऊक होती. ठाऊक असणेच येथे आड आले असावे.

आकाशवाणीचे प्रकरण तर बहुतेक गौरवलेखांत एका वाक्यात उरकले जाते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत कलावंतांच्या ध्वनिचाचणीची आणि श्रेणीकरणाची जी व्यवस्था उभी राहिली तिच्या प्रमुखपदी रातंजनकर होते. मुंबईच्या कलावंतांनी विरोध केला, बहिष्कार घातला. डेव्हिड लेलिवेल्ड यांनी 1994 मध्ये या सगळ्या संगीतप्रशासनावर लिहिले. मराठी चरित्रलेखन मात्र ‘त्यांना कटू अनुभव आले’ अशा शब्दांत ते झाकते. कटुता कोणाच्या वाट्याला आली? ज्याने आयुष्यभर गाऊन पोट भरले त्याला एका सरकारी मंडळापुढे उमेदवार म्हणून उभे राहावे लागणे, ही घटना समीक्षेच्या इतिहासात महत्त्वाची आहे. कारण येथे प्रथमच रसिकाचा आणि धनिकाचा निर्णय बाजूला सारून शास्त्रज्ञाचा निर्णय राज्यसंस्थेच्या शिक्क्यासह लागू झाला. लखनौच्या परीक्षेत विद्यार्थी नापास होत असे. येथे व्यावसायिक नापास होऊ लागला. रातंजनकरांचे बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे : नभोवाणीवर कोणी गावे हे स्थानिक ओळखीपाळखीने ठरण्यापेक्षा जाहीर निकषांनी ठरणे बरे, असे म्हणता येते आणि अनेक अनाम गायकांना त्याचा लाभही झाला असेल. पण हे बोलावयास हवे. वाद घालावयास हवा. सहानुभूतीचा पडदा टाकून वादच मिटवणे हा रातंजनकरांचाही अवमान आहे. त्या खुर्चीवर त्यांना कोणी ओढत नेऊन बसवले नव्हते.

मग खैरागढ. संस्थानच्या राजा-राणीने आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा दिला, 1956 मध्ये विश्वविद्यालयाचे उद्घाटन झाले. पुन्हा राजवाडाच. नव्या राष्ट्राने संगीताला विद्यापीठीय दर्जा दिला तो जुन्या आश्रयदात्यांच्या वास्तूंत, आणि त्या वास्तूंत गायकाऐवजी कुलगुरूला बसवले. मराठीतील ‘कुलगुरू’ हा शब्द येथे मौजेचा आहे : हिंदी प्रदेशात तेव्हा या पदाला उपकुलपती म्हणत, मराठीने मात्र कुल आणि गुरू हे घराण्याच्या परिभाषेतील दोन्ही शब्द एका प्रशासकीय पदावर चढवले. चरित्रकारांनी खैरागढचा काळ चार-दोन ओळींत संपवला आहे, कारण त्यागकथेला तेथे खाद्य नाही. त्याग लखनौला होऊन गेलेला असतो. कुलगुरुपद हे केवळ फळ. फळाचे परीक्षण कोण करणार?

याच विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद पुढे 1985 नंतर प्रेमलता शर्मा यांनी भूषवले. बनारसला ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकलेल्या, ‘बृहद्देशी’च्या संपादिका, शृंगी यांच्यासह ‘संगीतरत्नाकरा’चे भाषांतर करणाऱ्या या विदुषीविषयी कोणी हळहळ व्यक्त केल्याचे दिसत नाही. गाणे शिकलेल्या स्त्रीने गाणे सोडून संहिता संपादित केल्या तर त्यात हानी कोणालाच दिसली नाही. त्यागकथा ही पुरुषाची मिरासदारी आहे, हे या तुलनेतून लगेच लक्षात येते. पण या वंचनेने प्रेमलता शर्मांचा एक फायदाही झाला : त्यांचे पाठनिर्णय, त्यांच्या टीपा, त्यांची भाषांतरे यांची चर्चा निदान अभ्यासकांत होते. रातंजनकरांच्या बंदिशींचे पाठ, त्यांतील ब्रजभाषेचा वापर, संस्कृतप्रचुर शब्दांकडील ओढा, पारंपरिक ख्यालातील सासू-नणंदांच्या जगाला दिलेली बगल, हे सारे अद्याप चिकित्सेची वाट पाहत आहे. ख्यालातून शृंगार वजा करून भक्ती, ऋतू आणि रागलक्षण यांची भर घालणे हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न नव्हता. ज्या घरांतील मुलींना विद्यालयात आणावयाचे होते त्या घरांशी केलेला तो करार होता. या कराराची कलमे ‘अभिनवगीतमंजरी’च्या पानांवर छापलेली आहेत. ती वाचण्यासाठी कोणत्याही अप्रकाशित दप्तराची गरज नाही.

दप्तराची गरज आहे ती वेगळ्या ठिकाणी. आबिद हुसेन, सखावत हुसेन, थिरकवा त्या वर्गांत काय शिकवीत होते, अभ्यासक्रमातील कोणत्या रकान्यात ते बसत होते आणि कोणत्यात बसत नव्हते, विद्यार्थी त्यांच्या तासाला पुस्तक उघडून बसत की मिटून, याची नोंद रातंजनकरांच्या गौरवग्रंथांत सापडणार नाही. ती हजेरीपटांत, वेतनपत्रकांत आणि परीक्षकांच्या शेऱ्यांत असू शकते. म्हणजे ज्या कागदांनी त्यांचा कंठ खाल्ला असे सांगितले जाते, नेमक्या त्याच कागदांत.